अंगठ्याची नखी

माझ्या गाण्याच्या खोलीत तानपुऱ्याशेजारी एक जुनी पत्र्याची डबी असते. तीत वडिलांच्या सतारीच्या नख्या आहेत, तारेचे दोन तुकडे आहेत आणि पितळेची एक लहानशी टोपी आहे. शिकवणीला येणारी मुले डबी उघडतात, नख्या ओळखतात आणि टोपीपाशी अडतात. कोणी म्हणते, हे अत्तराच्या कुपीचे झाकण. कोणी म्हणते, खुंटीचे बूच. परवा एका मुलीने सरळच विचारले, "सर, हे कोणत्या वाद्याचं?" मी म्हणालो, "पिस्तुलाचं." मुले हसली. मी मात्र खरे तेच सांगितले होते. त्या टोपीची हकीकत आज वाचकांपुढे ठेवावी असे मनात आले, कारण तिच्यात माझी एक चूक दडलेली आहे, आणि तशी चूक आपल्या पुष्कळ घरांतून होत असेल असे मला वाटते.

माझे वडील कोल्हापूर दरबारच्या नोकरीत सतार वाजवीत. १ मार्च १९४९ रोजी संस्थान विलीन झाले तेव्हा ते पंचविशीच्याही आतले होते, आणि माझा जन्म त्यांच्या उतारवयातला. म्हणून दरबार मी पाहिला तो केवळ त्यांच्या बोलण्यात. ज्या गावात शाहू महाराजांनी अल्लादियाखाँसाहेबांना आश्रय दिला, त्याच गावात चित्ते पाळून त्यांच्याकडून शिकार करविली जाई. गवयी आणि शिकारी एकाच पागोट्याखाली नांदत होते म्हणा ना! तथापि आमच्या घरात बंदुकीचा विषय कधी निघाला नाही. तो निघाला गेल्या काही वर्षांत, आणि तोही माझ्या भाचीमुळे.

माझी थोरली बहीण निपाणीला दिलेली आहे. तिच्या सासरी पूर्वीपासून तंबाखूची वखार. तिची मुलगी चौदाव्या वर्षी एकाएकी म्हणू लागली की मला नेमबाजी शिकायची आहे. घरात थोडी कुजबुज झाली, पण फारशी नाही. कारण आपल्या भागात आता ही गोष्ट नवलाची राहिलेली नाही. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला रायफलमध्ये जगज्जेती झाली. राही सरनोबत २०१३ साली चांगवॉनच्या विश्वचषकात आणि २०१८ साली आशियाई खेळांत पिस्तुलाने सुवर्णपदक घेऊन आली. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकात कांस्यपदक मिळविले. तिघेही आपल्या जिल्ह्याची. मग निपाणीच्या मुलीने कोल्हापूरची वाट धरली तर तिला दोष कोण देणार?

ती वाट चाळीसएक किलोमीटरांची. पहाटेच्या एस.टी.ने निघावे, कोगनोळीचा नाका ओलांडावा, दूधगंगेवरून पलीकडे यावे. पाट्यांची लिपी बदलते, माणसांची बोली बदलत नाही. सकाळी सराव करून ती दुपारच्या कॉलेजला निपाणीत परत. पहिली दोन वर्षे तिने हवेच्या पिस्तुलावर काढली. हे पिस्तूल दहा मीटरांवरून चालवायचे. त्यात शिशाचा साडेचार मिलिमीटरांचा छर्रा प्रत्येक वेळी एकेक करून हाताने ठेवतात. आमच्या भाषेत बोलायचे तर एकेक स्वर लावण्याचा तो रियाज. तो तिला साधला. मग प्रशिक्षकांनी तिला पंचवीस मीटरांच्या पिस्तुलाकडे नेले, आणि तेथून आमच्या गोष्टीला आरंभ होतो.

या पिस्तुलाचे काडतूस ज्याला नेमबाज 'पॉइंट टू-टू' म्हणतात ते. जाडी इंचाच्या बावीस शतांशाच्या आसपास, लांबी पुरती एक इंच. हे काडतूस जुन्या घराण्याचे आहे. फ्रान्सच्या फ्लोबेरने १८४५ च्या सुमारास या जातीची पहिली गोळी बनविली, अमेरिकेत स्मिथ आणि वेसन यांनी १८५७ साली तिच्यात सुधारणा केली, आणि आज वापरतात ते लांब रूप १८८७ सालचे. याची खूण अशी की बुडाशी एक बारीक कड बाहेर आलेली असते. तिला 'रिम' म्हणतात. ही कड आतून पोकळ असून पेट घेणारा मसाला तिच्यातच भरलेला असतो. मोठ्या काडतुसात तो मध्यभागी बसविलेल्या टोपीत असतो. येथे पिस्तुलाची सुई कडेवरच आदळते आणि गोळी सुटते. म्हणून या जातीला 'रिमफायर' हे नाव पडले.

नेमबाजीच्या पिस्तुलात अशी पाच काडतुसे एका चपट्या धातूच्या डबीत भरतात. तिला मॅगझिन म्हणतात. इटलीची पार्दिनी, जर्मनीची वाल्थर, स्वित्झर्लंडची मोरिनी अशी जी पिस्तुले जगभर स्पर्धांत दिसतात, त्यांपैकी पुष्कळांत ही डबी मुठीत न जाता चापाच्या पुढे बसते. डबीत खाली स्प्रिंग, स्प्रिंगवर एक पट्टी, आणि बाजूच्या फटीतून बाहेर आलेली त्या पट्टीची गुंडी. अंगठ्याने गुंडी खाली ओढावी, वरून एक काडतूस ठेवावे, पुन्हा जराशी ओढावी, दुसरे ठेवावे. असे पाच वेळा. ऐकायला हे पेटीचा भाता हलविण्याइतके सोपे वाटते.

तेवढे सोपे ते नाही, आणि त्याला कारण ती कड. काडतुसे एकावर एक बसताना वरच्याची कड खालच्याच्या कडेच्या पुढे यावी लागते. ती चुकून मागे राहिली, तर पिस्तुलाचा खटका वरचे काडतूस पुढे ढकलू लागला की त्याची कड खालच्या कडेला अडकते. दोन्ही काडतुसे एकमेकांत गुंततात आणि पिस्तूल मुके होते. शिवाय गोळी मऊ शिशाची, वरून मेणासारखे वंगण लावलेली. जोराने रेटली तर तिचे नाक बसते आणि नळीत शिरताना ती अडते. तेव्हा भरताना जोर हवा तो स्प्रिंगेसाठी, आणि हलका हात हवा तो काडतुसासाठी. एकाच वेळी, एकाच हाताच्या अंतरावर, दोन उलट गुण! सतारीवर डाव्या बोटाने तार खेचावी आणि उजव्याने ती अलगद छेडावी, तसा हा प्रकार आहे.

आता हिशेब पाहा. स्पर्धेत साठ गोळ्या. पहिल्या तीस सावकाशीच्या. पाच गोळ्यांना पाच मिनिटे. पुढच्या तीस जलद. त्यात सात सेकंद हात खाली, मग तीन सेकंद लक्ष्य खुले. तेवढ्यात हात उचलून एक गोळी मारायची, पुन्हा हात खाली. सात आणि तीन मिळून दहा. आमच्या झपतालाच्याही मात्रा दहाच, विभाग मात्र निराळे. दोन्ही भागांआधी पाच-पाच गोळ्या चाचणीच्या. म्हणजे एका स्पर्धेत मॅगझिन चौदा वेळा भरायचे. 'लोड' अशी आज्ञा झाल्यावर त्याला मिनिटभराचा अवधी. सरावाच्या दिवशी दीडशे गोळ्या धरल्या तर तीस वेळा भरणे आले, आणि गुंडी दीडशे वेळा ओढणे आले. गुंडीचे डोके हरभऱ्याच्या डाळीएवढे. अंगठ्याचा सगळा जोर त्या एका टिंबावर.

भाची उजव्या हाताची. तिचा उजवा अंगठा बळकट, म्हणून ती त्यानेच गुंडी ओढी. सहा महिन्यांत अंगठ्याच्या मुळाशी दुखू लागले. एका रविवारी ती आमच्याकडे जेवायला आली असता ताटातली भाकरी डाव्या हाताने मोडू लागली. माझ्या पत्नीने ते पाहिले आणि विचारले. मुलीने हात पुढे केला. मनगटाच्या कडेला थोडी सूज होती.

आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "बाळ, दुखतं तोवरच माणूस शिकत असतो. रियाज म्हणजे दुसरं काय?"

हे वाक्य माझे नव्हते. ते माझ्या वडिलांचे. मी सोळा वर्षांचा असताना झाल्याच्या रियाजाने माझे उजवे मनगट आणि तर्जनी दुखू लागली होती. मी त्यांना सांगितले, तेव्हा त्यांनी मला हेच ऐकविले. मी वाजवीत राहिलो. वर्षभराने बोट सकाळी मिटेनासे झाले. पुढे ते मिटू लागले, पण द्रुत लय पुन्हा त्यात आली नाही. मी सतार ठेवली आणि गाण्याकडे वळलो. लोक मला विचारतात की वडील सतारिये आणि तुम्ही गायक कसे? मी उत्तर देतो, कंठाची ओढ. अर्धे खरे ते तेवढेच आहे. उरलेले अर्धे आज प्रथमच छापून सांगत आहे. इतके भोगूनही वडिलांचे वाक्य माझ्या जिभेवर तयार होते, आणि मी ते भाचीच्या ताटात वाढले.

मुलीने मामाचे ऐकले. कोणाला न सांगता ती दोन महिने भरत राहिली. पुढे राज्यपातळीवरच्या एका स्पर्धेला गेली तेव्हा अंगठा इतका ठणकत होता की शेजारच्या एका खेळाडूने तिला मॅगझिन भरण्याचे आपले यंत्र वापरायला दिले. ही यंत्रे अनेक तऱ्हांची असतात. काही नुसती गुंडीवर बसविण्याची टोपी असतात. काही मॅगझिनला मिठी मारणारा दांडा असतात, तो दाबला की पट्टी खाली जाते. काहींना वर नरसाळ्यासारखा खण असतो. त्यात काडतुसे ओतावी, हलवावे, ती रांगेत उभी राहतात, आणि पट्टी एकदम खाली ओढली की सगळी एकामागून एक डबीत उतरतात. मिळालेले यंत्र या शेवटच्या जातीचे. दहा दहा गोळ्यांची मॅगझिने दिवसभर भरणाऱ्याला त्याचा उपयोग मोठा. त्याला मी नावे ठेवीत नाही. परंतु या मुलीने ते त्यापूर्वी कधी हातात धरले नव्हते.

सावकाशीच्या तीस गोळ्या कशाबशा झाल्या. त्या वेळी मिनिटांची सवड होती आणि ती हातानेच भरत होती. जलद भागात तिने यंत्र घेतले. दुसऱ्या फेरीत तिसऱ्या गोळीला पिस्तूल अडकले. नियमाप्रमाणे तिने हात वर केला, पंच आले, त्यांनी पाहिले आणि फेरी पुरी करू दिली. एका भागात अशी माफी एकदाच असते. चौथ्या फेरीत पुन्हा तेच. दोन गोळ्या गेल्या, तिसरी अडली. उघडून पाहतात तो दोन काडतुसांच्या कडा एकमेकींत गुंतलेल्या. उरलेल्या तीन गोळ्यांचे शून्य. एका गोळीला दहा गुण धरले तर तीस गुण उभ्या उभ्या गेले, आणि त्यांच्याबरोबर पुढच्या स्पर्धेची निवडही.

ती रडली नाही, असे बहीण सांगते. घरी येऊन तिने एवढेच विचारले, "आई, मामांना काय सांगायचं?"

मला ते कळले तेव्हा मी लाजलो. दुसऱ्याच दिवशी तिला डॉक्टरांकडे नेले. त्यांनी अंगठा मुठीत धरायला लावून मनगट करंगळीकडे वळविले. पोरीच्या तोंडून किंकाळी निघाली. अंगठ्याकडे जाणाऱ्या कंडरांच्या आवरणाला सूज आली होती. स्वित्झर्लंडच्या डी क्वेरव्हेन नावाच्या शल्यवैद्याने १८९५ साली या दुखण्याचे वर्णन केले, म्हणून ते त्याच्या नावाने ओळखले जाते. तान्ह्या बाळाला वरचेवर उचलणाऱ्या आयांना ते होते, एकच हालचाल पुनःपुन्हा करणाऱ्या कोणालाही होते. डॉक्टरांनी सहा आठवडे अंगठ्याला विश्रांती सांगितली, पट्टा दिला, आणि जाता जाता म्हणाले, "दुखणं हे शरीराचं पत्र असतं, गुरुजी. ते न वाचता फाडू नये."

त्या सहा आठवड्यांत मी निपाणीला वरचेवर गेलो. बहिणीच्या घरामागच्या गल्लीत विड्या वळणाऱ्या बायका बसतात. पत्र्याच्या साच्यावर पान कापायचे, तंबाखू पसरायचा, वळायचे, दोरा बांधायचा, टोक दुमडायचे, मजुरी हजारावर. त्यांतली एक म्हातारी पट्टा बघून म्हणाली, "काय गं पोरी, अंगठा कशानं गेला?" मुलीने सांगितले. म्हातारीने स्वतःचा अंगठा पुढे केला. तो मुळाशी जाड होऊन थोडा वाकडा झाला होता. "आमचं बी असंच हुतं. पर आमास्नी कोण थांब म्हनायला नव्हतं. तुला हाय, तर थांब." मी तेथेच उभा होतो. तिला ठाऊक नव्हते की थांबू नकोस म्हणणारा तो मीच.

प्रशिक्षकांना ही सगळी हकीकत कळली तेव्हा ते माझ्यावर रागावले नाहीत. मुलीवर थोडे रागावले. त्यांचे म्हणणे असे की ज्या हाताने नेम धरायचा त्या हाताला हमाली लावायचीच नाही. पिस्तूल सव्वा-दीड शेर वजनाचे, चाप निदान एक किलो ओढीचा. तो ओढताना तर्जनी एकटी हलली पाहिजे आणि बाकीचा हात दगडासारखा राहिला पाहिजे. थकलेला अंगठा थरथरतो, आणि पंचवीस मीटरांवर ती थरथर वीतभर दिसते. तेव्हा यापुढे गुंडी ओढायची ती डाव्या हाताने.

मुलगी म्हणाली, "डाव्या अंगठ्यात जोर नाही." त्यावर त्यांनी तिला कारोय ताकाच याची गोष्ट सांगितली. हा हंगेरीच्या सैन्यातला नेमबाज. १९३८ साली हातबाँब फुटून त्याचा उजवा हात, म्हणजे नेमाचाच हात, निकामी झाला. त्याने गुपचूप डाव्या हाताने सराव केला आणि पुढच्याच वर्षी आपल्या देशाचे अजिंक्यपद जिंकले. मग महायुद्धात दोन ऑलिंपिके बुडाली. १९४८ साली लंडनला त्याने जलद पिस्तुलात विश्वविक्रमासह सुवर्णपदक घेतले आणि १९५२ साली हेलसिंकीला पुन्हा एकदा. "त्याने डाव्या हाताने ऑलिंपिक मारले," प्रशिक्षक म्हणाले, "तुला नुसत्या पाच गोळ्या भरायच्या आहेत."

डावा अंगठा शिकू लागला, पण मिनिटभरात काम उरकेना. त्या वेळी मला वडिलांच्या नख्या आठवल्या.

नखी म्हणजे काय? वळविलेली पोलादी तार. ती बोटात घातली नाही तर सतारीची तार बोट कापून काढील. पण नखी सतार वाजवीत नाही. आघात कोठे करायचा, किती करायचा, हे बोटच ठरविते. नखी केवळ जखम आपल्या अंगावर घेते. माझे वडील, जे मला मनगट दुखते म्हणून थांबू देत नव्हते, ते स्वतः नखीवाचून एक दिवस बसले नसते. हा विरोध माझ्या ध्यानात इतक्या वर्षांत आला नव्हता. मुलीच्या अंगठ्याला हवी होती ती नखी. तिला मिळाले होते नरसाळे.

मी पंधरा दिवसांतून एकदा बेळगावला शहापुरात शिकवायला जातो. हे शहापूर पूर्वी सांगली संस्थानचे. तेथे गाण्याची आवड जुनी. माझ्या एका विद्यार्थिनीचे वडील उद्यमबागेत लेथवर काम करतात. तिसरे रेल्वे गेट ओलांडून मी त्यांच्या कारखान्यात गेलो आणि त्यांना काय पाहिजे ते सांगितले. ते म्हणाले, "गुरुजी, मापं आणा. मापाशिवाय मी श्रुतीसुद्धा लावत नाही." मॅगझिन क्लबच्या कपाटात कुलपात; ते बाहेर नेण्याचा प्रश्नच नव्हता. प्रशिक्षकांच्या देखत मुलीने व्हर्नियरने गुंडीचे आणि फटीचे माप घेतले आणि वहीत आकृती काढून दिली.

पहिली टोपी त्यांनी पितळेची केली. दिसायला देखणी, पण जड. आणि मॅगझिनच्या अंगावर घासून चरे पाडू लागली. शिवाय तिने पट्टी एका झटक्यात तळाला जाई, म्हणजे नरसाळ्याचाच दोष परत आला. ती टोपी नापास झाली आणि माझ्या डबीत येऊन पडली. दुसरी नायलॉनच्या कांबीतून काढली. आत गुंडी बरोबर बसेल एवढे भोक, बाजूला मॅगझिनच्या कडेवरून सरकेल अशी खाच, आणि वर अंगठ्याचे पेर विसावेल असा उथळ खळगा. जोर आता डाळीएवढ्या टिंबावर न पडता सगळ्या पेरावर पसरला. पट्टी काडतुसाच्या जाडीएवढीच खाली न्यायची, एक काडतूस ठेवायचे, त्याची कड पुढे आली हे डोळ्याने पाहायचे, मग पुढचे. भार टोपीने घ्यायचा, लक्ष मुलीने द्यायचे. कारागिराने पैसे घेतले नाहीत. "पोरगी मारील तेव्हा पेढे द्या," म्हणाले.

त्यांनीच आणखी एक गोष्ट करून दिली: लाकडाचा एक ठोकळा, त्यात पाच पाच भोकांच्या रांगा. गोळ्या त्यात आधीच उभ्या करून ठेवायच्या. एक रांग संपली की एक मॅगझिन भरले. चार की पाच, हा घोळ नाही. घाईत चारच गोळ्या भरल्या गेल्या तर पाचव्या गोळीचे शून्य पदरी पडते आणि त्याला माफी नसते. विडीवाल्या बायका पंचवीस विड्यांची जुडी बांधतात ती मोजायला सोपे जावे म्हणूनच. ठोकळा बघून त्या म्हातारीने मान डोलावली.

वाचक म्हणतील, एवढ्याशा टोपीसाठी एवढे पुराण कशाला? पुराण टोपीचे नाही. घरात इलेक्ट्रॉनिक तानपुरा आला तेव्हा मी महिनाभर त्याच्याशी बोललो नाही. आता प्रवासात तो मजजवळ असतो. पण शिष्यांना पहिली दोन वर्षे खरा तानपुरा जुळवायला लावतो, कारण जुळविण्यात जो कान तयार होतो तो बटण दाबून होत नाही. साधन वाईट की चांगले, हा प्रश्नच चुकीचा आहे. साधन आपले कोणते काम उचलते, हे पाहिले पाहिजे. ते वेदना उचलत असेल तर त्याला नमस्कार करून घरात घ्यावे. लक्ष देण्याचे कामच उचलू लागले तर त्याला दारातच थांबवावे. आणि ज्या मुलांना आपण शिकवितो त्यांचे दुखणे हे तपश्चर्येचे लक्षण मानून गप्प बसणे, यात ना विद्या आहे ना संस्कार. आपल्या जुन्या घरांतून ही चाल पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. वडिलांवर माझा राग नाही. त्यांनाही कोणी थांब म्हटले नसेल.

२०१८ च्या आशियाई खेळांत पालेंबांगला राही सरनोबत आणि थायलंडची नफस्वन यांगपैबून यांची चौतीस-चौतीस अशी बरोबरी झाली. निकालासाठी पुन्हा पाच गोळ्या, पुन्हा बरोबरी. आणखी पाच, त्यांत राही तीन विरुद्ध दोन अशी जिंकली. लोकांना ते तीन आणि दोन आठवतात. मला आता त्यांच्याआधीचे ते मिनिट दिसते: लाखो डोळे लागलेले, आणि एक मुलगी खाली मान घालून डबीत पाच काडतुसे एकावर एक नीट ठेवीत आहे.

भाची आणखी एका स्पर्धेला जाऊन आली. या वेळी मी बरोबर गेलो होतो. प्रेक्षकांत मागे बसलो. 'लोड' म्हणताच तिने ठोकळा पुढे ओढला, टोपी डाव्या अंगठ्याखाली घेतली आणि भरू लागली. मी अभावितपणे मात्रा मोजीत होतो. पाचवे काडतूस बसले तेव्हा मिनिटाला अजून बराच अवकाश होता. तिने मॅगझिन तिरपे करून एकदा पाहिले, मग पिस्तुलात घातले. चौदाही वेळा तसेच.

गुण बेताचे पडले. अंतिम फेरीत ती आली नाही. परतीच्या गाडीत कागल मागे पडेपर्यंत ती खिडकीबाहेर पाहत होती. मग म्हणाली, "मामा, साठच्या साठ गोळ्या गेल्या." मी म्हणालो, "अंगठा?" तिने उजवा हात पुढे केला, मूठ मिटली, उघडली, पुन्हा मिटली.